निलगिरीची रोपं बियांपासून: कुठे चुकतं आणि कोणत्या क्रमाने करायचं

'बी खराब निघालं' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचं बी खराब नसतं. ते मातीखाली गाडलं गेलेलं असतं, झारीच्या धारेने वाफ्याच्या कडेला वाहून गेलेलं असतं, नाहीतर उगवून आल्यावर ओल्या सावलीत त्याने मान टाकलेली असते. मिरची-टोमॅटोची रोपं करणारा सराईत हातही निलगिरीत फसतो. हे बी भाजीपाल्याच्या बियांपेक्षा कितीतरी बारीक, आणि पहिल्या सहा आठवड्यांत त्याला चूक अजिबात सोसत नाही.

पुढची सगळी कृती टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिस या दोन जातींसाठी आहे. बल्ल्या आणि कागदाचा लगदा यांसाठी मैदानी भागात मुख्यतः याच लावतात. तेलासाठीच्या सिट्रिओडोराचं बी मोठं असतं, त्यामुळे तिथे बियांचं प्रमाण वेगळं पडेल. उटीकडची ग्लोब्युलस ही थंड डोंगराळ हवेची जात आहे, ती आपल्याकडच्या मैदानात लावायच्या भानगडीत पडू नका. हिशेबासाठी १०,००० रोपांची लावणी आणि विदर्भ-मराठवाड्याचं हवामान धरलं आहे.

## १. आधी तारखा, त्याही उलट्या मोजून

लावणी पाऊस नीट बसल्यावर, म्हणजे जूनअखेर ते जुलैचा पहिला पंधरवडा. पेरणीपासून लावणीजोगं रोप व्हायला साधारण पाच महिने धरा. म्हणून पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पिशवीत बदली मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि मेअखेरपासून रोपं काटक करायला सुरुवात. बी नोव्हेंबरातच मागवा, म्हणजे डिसेंबरात त्याची चाचणी होते.

डिसेंबरात पेरायचा मोह टाळा. बियांना २५ ते ३० अंशांच्या आसपासची ऊब लागते. विदर्भातल्या थंड रात्रींमध्ये उगवण रेंगाळते, आणि रेंगाळलेलं बी म्हणजे बुरशीला आणि मुंग्यांना जास्तीचे दिवस. मार्चमध्ये पेरलं तर एप्रिल-मेच्या उन्हात कोवळी रोपं बदलावी लागतात आणि पावसाळ्यात वीतभर रोप हाती येतं. कोकणात थंडीची अडचण नाही, तिथे आठवडा-दोन आठवडे पुढेमागे चालतं.

## २. बी: कुठून घ्यायचं आणि किती

पाकिटातली सगळी भुकटी म्हणजे बी नव्हे. निलगिरीच्या बोंडात खऱ्या बियांसोबत फलन न झालेल्या बीजांडांचा भुसा निघतो. टेरेटिकॉर्निसचं खरं बी गडद, कॅमाल्डुलेन्सिसचं पिवळसर-तपकिरी, भुसा तांबूस, पण आकार इतका जवळचा की घरच्या चाळणीने पूर्ण वेगळं होत नाही. निवडत बसाल तर भुशाबरोबर बरंच चांगलं बीही फेकाल. त्यामुळे या बियांची उगवण टक्क्यांत विचारूच नका. विचारायचं ते 'एका ग्रॅमला किती रोपं'. चांगल्या मालात हा आकडा काही शेंचा असतो, जुन्या किंवा भुसा जास्त असलेल्या मालात तो पार खाली येतो.

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: जात, बी कोणत्या बीजोद्यानातलं (बियांसाठी राखलेल्या बागेतलं) किंवा भागातलं, गोळा केल्याचं वर्ष, आणि ग्रॅममागे उगवण. कोइम्बतूरची वन आनुवंशिकी आणि वृक्ष प्रजनन संस्था निलगिरीच्या सुधारित बियाण्यावर काम करते, चौकशीची सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

सावधान: बांधावरच्या एका उंच, देखण्या झाडाचं बी आणू नका. एकट्या झाडाचं बरंचसं बी स्वतःच्याच परागाचं असतं आणि त्याची रोपं कमजोर निघतात. शेजाऱ्याच्या क्लोनच्या, म्हणजे एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या एकसारख्या झाडांच्या, बागेतलं बीही नको. त्यातून क्लोन मिळत नाही, उंच-बुटक्या झाडांची सरमिसळ मिळते. एकसारखीच झाडं हवी असतील तर क्लोनची रोपं विकत घ्या. बियांच्या वाटेला जाऊच नका. स्वतः बी गोळा करायचं असेल तर एकमेकांपासून लांबची, सरळ वाढलेली निदान १०-१५ झाडं निवडा. तपकिरी झालेली पण तोंड न उघडलेली बोंडं काढा आणि कापडावर पसरून कोरड्या हवेत वाळवा. दोन-चार दिवसांत बोंडांची तोंडं उघडतात आणि बी आपोआप झडतं.

चाचणी अशी करा. पाव ग्रॅमचे चार नमुने सोनाराच्या काट्यावर तोला. प्रत्येक नमुना ओल्या टिपकागदावर पसरून झाकणाच्या पारदर्शक डब्यात, उबदार उजेडात ठेवा. चौदा दिवस रोज पाहा, उगवलेलं मोजा आणि काढून टाका. चारही डब्यांची बेरीज म्हणजे एका ग्रॅममागची रोपं.

आता हिशेब. लावायला १०,००० हवीत, तर वाफ्यात १५,००० उगवायला हवीत. बदलीतली मर आणि शेवटची निवड यात उरलेली जातात. चाचणीत ग्रॅमला ३०० आली तर ५० ग्रॅम बी लागेल. चौरस मीटरला १,५०० रोपं ही दाटीची सोयीची मर्यादा, म्हणजे १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब एकच गादीवाफा पुरतो. चाचणीत ग्रॅमला १०० आली तर तिप्पट वजनाचं बी याच दहा मीटरवर पसरायचं. वजन बदललं तरी वाफ्याची लांबी तीच राहते.

उरलेलं बी हवाबंद बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा. काढल्यावर बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. थंड बियांवर दव धरतं आणि तेवढी ओल त्याला बिघडवायला पुरेशी असते.

## ३. गादीवाफा

जागा उंचावरची, सकाळचं ऊन येणारी, पाणी न साचणारी. वाफा जमिनीपासून १५ सेंमी उंच, कडेला विटा किंवा फळ्या. वरच्या थरासाठी बारीक चाळलेली वाळू दोन भाग, पोयटा किंवा लाल माती एक भाग, पूर्ण कुजलेलं चाळलेलं शेणखत अर्धा भाग. काळी माती वापरू नका, तिला भेगा पडतात आणि भेगेत गेलेलं बी परत दिसत नाही. शेणखताला वास येत असेल तर ते कुजलेलं नाही. कच्चं खत म्हणजे रोपमरीला, बुरशीने कोवळी रोपं कोलमडण्याला, आमंत्रण.

माती तापवायचं काम मे महिन्यातच उरकावं. ओली माती पातळ पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात ठेवायची आणि मग जानेवारीपर्यंत स्वच्छ पोत्यांत झाकून ठेवायची. मे हुकला असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात करा. तेही हुकलं तर पेरणीआधी वाफ्यावर उकळतं पाणी ओता. काहीच न करण्यापेक्षा ते बरं.

पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा खालपर्यंत भिजवा आणि फळीने सपाट दाबा. पृष्ठभाग कॅरमबोर्डासारखा सपाट हवा, कारण खळग्यात पाणी साचतं आणि सगळं बी तिथे जमा होतं.

तपासणी: भिजवल्यावर अर्ध्या तासाने वाफ्यावर कुठेही पाण्याची चकाकी दिसायला नको. दिसली तर वाळू वाढवा, पेरू नका.

## ४. पेरणी

सकाळी, वारा पडलेला असताना पेरा. ५० ग्रॅम बियांचे दहा समान भाग करा, एकेक चौरस मीटरला एक. प्रत्येक भाग चार-पाच पट कोरड्या बारीक वाळूत मिसळा, मोठ्या भोकांच्या मीठदाणीत भरा, आणि अर्धा आडवा तर अर्धा उभा फिरवत शिंपडा. संपूर्ण बी एकदम हातात घेऊन वाफ्यावर फेकणारे पहिल्या तीन मीटरांत निम्मं संपवतात.

झाकायला फक्त बारीक वाळू, दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. चाळणीने भुरभुरवा आणि बियांचे ठिपके जेमतेम दिसेनासे होताच थांबा. यापेक्षा जाड थर दिला तर बी खालीच संपतं. मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक बियांत शिधा असतो तरी किती!

त्यावर वाळलेल्या गवताचा पातळ पसारा टाका, खालची वाळू मधूनमधून दिसेल इतकाच. वाफ्याभोवती मुंग्यांची पावडर टाका, मुंग्या हे बी उचलून नेतात. एका कुंडीत स्वच्छ वाळूवर चिमूटभर बी वेगळं पेरून ठेवा. निलगिरीचं पोर कसं दिसतं ते तिथे कळतं आणि वाफ्यातलं तण उपटताना गफलत होत नाही.

पाणी पाठीवरच्या फवारणी पंपाने, बारीक नोझल लावून, वरून धुक्यासारखं द्यायचं. पंप नवा किंवा फक्त पाण्यासाठी राखलेला हवा. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला आणायचा नाही. पृष्ठभाग सतत दमट राहावा, चिखल नको. दिवसातून दोन-तीन हलके फवारे, शेवटचा दुपारी चारच्या आत.

## ५. उगवण ते चार पानं

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज सकाळी गवत उचलून पाहा. आधी बियांतून पांढरा कोंब खाली वळतो, मग दोन चिमुकली बीजपत्रं (बियातली पहिली पानं) उघडतात, टोकाला किंचित खाच असलेली, खालून बरेचदा लालसर. पहिली रोपं दिसली की गवत काढायचं, तेही संध्याकाळी. 'अजून थोडी उगवू दे' म्हणून दोन दिवस जास्त ठेवलं की रोपं गवतातून वर ताणतात, आणि नंतर गवत ओढताना उपटून येतात. गवत काढल्यावर तीन-चार फुटांवर ५० टक्क्यांची शेडनेट बांधा, पण सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर ती गुंडाळून ठेवा.

सगळ्यात जास्त रोपं या टप्प्यावर जातात, आणि जातात ती रोपमरीने. ओळखायची खूण: रोपाची पानं हिरवीच असतात, पण मातीला टेकलेल्या जागी खोड पाणीदार होऊन दोऱ्याइतकं बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. मर एकेकटी न पसरता गोल ठिगळांत पसरते. ठिगळ दिसताच:

- त्या भागातली आणि कडेची चार बोटं रुंदीतली रोपं मातीसकट उचलून वाफ्यापासून लांब पुरा.
- त्या दिवशीचं पाणी बंद, शेडनेट पूर्ण उघडी.
- कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम, ठिगळावर आणि भोवताली झारीने.

औषधाचा क्रमांक मुद्दाम तिसरा ठेवला आहे. पाणी आणि दाटी न बदलता नुसती औषधं ओतत राहणाऱ्यांचे वाफे दर वर्षी असेच जातात. पहिल्या आठवड्यानंतर पाणी दिवसातून एकदाच, सकाळी. संध्याकाळी वाळूचा वरचा थर बोटाला कोरडा लागला पाहिजे.

## ६. पिशव्या की रूट ट्रेनर

बदलीच्या पंधरा दिवस आधी हे ठरलेलं आणि भरलेलं असावं. रोपं तयार आणि पिशव्या रिकाम्या हा प्रकार फार सर्रास होतो.

पिशवी घेतली तर ४ × ६ इंची, तळाला आणि बाजूला भोकं असलेली. माती दोन भाग, वाळू एक, शेणखत एक. ठोकून गच्च भरा, कारण सैल पिशवी पाण्याने बसते आणि रोप खड्ड्यात जातं. रूट ट्रेनर (रोप वाढवायचा प्लास्टिकचा निमुळता साचा) घेतला तर ९० ते १५० घनसेंटिमीटरचा, आतून उभ्या कडा असलेला, आणि जमिनीपासून वर स्टँडवर. जमिनीवर टेकवला तर मुळं हवेत छाटली जाण्याचा सगळा फायदा गेला. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत किंवा कंपोस्ट भरतात; कोकोपीट भरण्याआधी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवा, त्यातला क्षार कोवळी मुळं जाळतो.

माझं मत विचाराल तर पाण्याची खात्री असेल तरच रूट ट्रेनर. चंद्रपूरच्या मे महिन्यात एवढ्याशा माध्यमाला एक पाळी चुकली तरी रोपं करपतात. लाइटचा भरवसा नसेल तर पिशवीच बरी.

## ७. बदली

बीजपत्रं सोडून खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्या की लगेच, म्हणजे पेरणीपासून साधारण चार ते सहा आठवड्यांत. या वयाला मूळ सरळ आणि एकेरी असतं. पानांच्या चार जोड्या येऊ दिल्या की ते बोटभर लांब होतं, फाटे फुटतात आणि पिशवीच्या भोकात ते वाकवूनच घालावं लागतं.

या वाकलेल्या मुळाचा त्रास रोपवाटिकेत कधीच दिसत नाही, रोप छान हिरवं वाढतं. लावणीनंतर एक-दोन वर्षांनी वाऱ्यात झाड कलतं, उपटलं तर मुळाचा गळ झालेला दिसतो. म्हणून इथे घाई करणारा मजूर नको. हात हलका असलेला हवा.

१. पिशव्या आदल्या दिवशी पूर्ण भिजवा. वाफा एक तास आधी भिजवा.

२. काम संध्याकाळी चारनंतर किंवा ढगाळ दिवशी.

३. चपट्या पट्टीने खालून माती सैल करा आणि रोप पानाला धरून उचला. पान फाटलं तर दुसरं येतं, खोड चिमटलं तर रोप गेलं.

४. रोपं पाण्याच्या पसरट वाडग्यात, सावलीत. पंधरा-वीस मिनिटांत लावून होतील तेवढीच काढा.

५. मूळ पाच सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर नखाने टोक खुडा.

६. पेन्सिलीएवढ्या काडीने मुळापेक्षा खोल भोक पाडा. रोप गरजेपेक्षा थोडं खोल सोडा आणि मग हलकेच वर ओढा, म्हणजे मूळ सरळ होतं.

७. बाजूने काडी खुपसून माती मुळाकडे दाबा. वरून अंगठ्याने दाबू नका, वर माती बसते आणि खाली पोकळी राहते.

८. बीजपत्रं मातीच्या जेमतेम वर. लगेच बारीक फवारा.

तपासणी: प्रत्येक मजुराच्या कामातल्या दोन-तीन पिशव्या त्याच संध्याकाळी फाडून मूळ पाहा. पिशव्यांचे पैसे जातील, पण हात कुठे चुकतोय ते तिथल्या तिथे कळेल.

पुढचे सात ते दहा दिवस शेडनेट आणि दिवसातून दोनदा हलकं पाणी. नवं पान फुटलं की जाळी काढायची. निलगिरी उन्हाचं झाड आहे. 'ऊन फार आहे' म्हणून मेपर्यंत जाळीत ठेवलेली रोपं उंच, पिवळट आणि लवलवती होतात. बघायला येणाऱ्याला ती आवडतात, शेतात मात्र टिकत नाहीत. पिशवी ओली असेल तर रोप उन्हाला भीत नाही.

## ८. वाढीचे दोन-अडीच महिने

बदलीनंतर तीन आठवड्यांनी आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, महिनाभराने दोन ग्रॅम. दिल्यावर साध्या पाण्याने पानं धुवा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर नत्र वाढवू नका, ती लोहाची कमतरता आहे. चुनखडीच्या विहिरीचं पाणी असलेल्या गावांत हे हमखास होतं. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम फवारा आणि जमलं तर पाणी बदला. जुनी, खालची पानं एकसारखी पिवळी पडत असतील तरच नत्राचा विचार करा.

पिशव्या दर तीन आठवड्यांनी उचलून जागा बदला. मुळं खालच्या जमिनीत घुसली की रोप झपाट्याने वाढतं आणि मालक खूश होतो. लावणीच्या दिवशी ती मुळं तुटतात आणि तेच रोप आधी सुकतं. खाली जाड प्लास्टिक अंथरलं असलं तरी उचलणं टाळू नका. त्याच वेळी उंचीप्रमाणे रांगा लावा, नाहीतर मोठी रोपं लहानांना दाबतात.

पानांच्या मधल्या शिरेवर, देठांवर किंवा कोवळ्या शेंड्यावर गाठी दिसल्या तर ती गाठमाशी. अशी रोपं उपटून बंद पिशवीत भरून जाळा. औषधाने गाठ जात नाही आणि एक रोप ठेवलं तर रांग जाते. बाहेरून विकतची रोपं आणून आपल्या रोपांशेजारी उतरवू नका. गाठमाशी अशीच गावोगाव पोचते.

## ९. काटक करणं

लावणीआधी चार आठवडे खत बंद. पाण्याच्या पाळ्या हळूहळू लांबवा: दुपारी शेंडा किंचित मान टाकेल आणि संध्याकाळी आपोआप उभा राहील इतपत. ४५ अंशांच्या उन्हात याचा अतिरेक नको. पाळीच चुकवण्यापेक्षा दर पाळीचं पाणी कमी करा. रूट ट्रेनरला तर पाळी चुकवायचीच नाही. खोडाचा खालचा भाग तांबूस-तपकिरी आणि कडक झाला की रोप तयार.

घ्यायचं रोप: २५ ते ३५ सेंमी उंच, बुंध्याशी तीन मिलिमीटरच्या आसपास जाड, एकच शेंडा, गाठी नाहीत, पिशवी काढल्यावर मातीचा गोळा सुटत नाही. फूटभराहून उंच पण काडीसारखं बारीक रोप दिसायला कितीही छान असलं तरी बाजूला काढा. १५,००० मधून शेवटी १०,००० निवडताना हात आखडू नका, ती रोपं त्यासाठीच जास्त पेरली होती.

## १०. गाडी भरताना

आदल्या संध्याकाळी पूर्ण पाणी. रोपं उभी, एका थरात, ताडपत्रीखाली; उघड्या टेम्पोत वाऱ्यावर नेलेली पानं दोन तासांत वाळतात. शेतात उतरवून सावलीत ठेवा आणि त्या दिवशी लावून होतील तेवढीच न्या.

पिशवी फाडूनच लावायची. 'मुळं काढतील वाट' म्हणून पिशवीसकट खड्ड्यात टाकणारे अजूनही भेटतात. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर धारदार सुरीने तळाचा बोटभर भाग कापून टाका. वाळवीची जमीन असेल तर लावणीच्या दिवशीच बंदोबस्त करा. पहिल्या वर्षी निलगिरीची कोवळी मुळं वाळवी आधी खाते, आणि शेंडा सुकलेला दिसेपर्यंत खाली काही उरलेलं नसतं.

नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरण्यासाठी दहा टक्के रोपं महिनाभर मागे ठेवा. त्यानंतरही उरलेली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. वर्षभर पिशवीत गुंडाळलेल्या मुळाचं झाड कधीच सरळ उभं राहत नाही, ती रोपं सरळ कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.